चालू ठेवलेली जीप

शनिवारी सकाळी भिमाजीनं द्राक्षबागेच्या फाटकात जीप आणली, तेव्हा रविराज त्याच्या आधीच येऊन थांबला होता. पांढरी गाडी, काच अर्धी खाली, आतून गार हवेचा घुर्र आवाज आणि हातात पेट्रोलपंपाच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. जीपच्या मागच्या फळीवरून बाया एकेक करून उतरत होत्या. बारा बाया, बारा डबे. गुडघे आखडलेले, कारण बसायला जागा नऊजणींची.

"भिमाजी, इकडं ये."

भिमाजी गेला. फुलाबाई, त्याची बायको आणि ह्या बारा जणींतलीच एक, त्यांची मुकादमीण, डब्याची पिशवी हातात घेऊन तिथंच थांबली. नवऱ्याला मालकानं कुठल्या आवाजात हाक मारली हे बायकोला बरोबर कळतं.

"सोमवार नऊ लिटर. मंगळवार नऊ. बुधवार सव्वानऊ." रविराज चिठ्ठ्या एकेक करून मागं टाकत होता. "तुमची उंबरवाडी ते माझी बाग पस्तीस किलोमीटर. जाऊन येऊन सत्तर. सत्तरला नऊ लिटर म्हणजे काय अॅव्हरेज पडलं?"

भिमाजी जीपच्या चाकांकडं बघायला लागला.

"पावणेआठ. अरे, याच्यापेक्षा ट्रक परवडला! ही माझी पेट्रोलची गाडी चौदा देते. पेट्रोल एकशेपाच, तुझं डिझेल एक्याण्णव. तरी मला तेवढ्याच सत्तरला सव्वापाचशे लागतात आणि तुझ्या जीपला आठशेवीस. लोक म्हणतात डिझेल स्वस्त. कुणाला स्वस्त, ते आता मला कळायला लागलंय."

"जुनी हाय मालक गाडी. खाती जरा."

"जुनी आहे, का तिला खालून दुसरं तोंड आहे?"

सगळ्या बायांनी ऐकलं. चोर हा शब्द रविराज बोलला नाही, पण गिरणाऱ्यापासून दिंडोरीपर्यंतच्या रस्त्यावर कॅननं डिझेल विकत घेणारे कोण आणि कुठं बसतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. भिमाजीनं मान खाली घातली आणि चपलेनं माती उकरली. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर पेटून उठला असता. हा माती उकरत बसला. फुलाबाई त्याच्या चपलेकडं बघत राहिली.

यंदाचा ठरावच असा होता. गाडी भिमाजीची, तेल मालकाचं, वर दिवसाचे सातशे. पंपावर मालकाचं खातं. सकाळी जाताना भिमाजी टाकी भरून घ्यायचा आणि चिठ्ठी मालकाकडं यायची. आदल्या साली तेल भिमाजीच्या अंगावर होतं, तेव्हा त्याचं अॅव्हरेज कुणी विचारलं नव्हतं.

"सोमवारपासून माझा मेहुणा नवनाथ त्याची पेट्रोल व्हॅन लावतो," रविराज म्हणाला. "सात बाया बसतात. बाकीच्या पाच मी गिरणाऱ्यातून उचलतो."

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. कोण सात आणि कोण पाच? द्राक्षाचे घड औषधात बुडवायचं काम ऐन भरात आलेलं. महिनाभराची मजुरी पाचजणींच्या डोळ्यादेखत गाडीत बसून निघाली.

फुलाबाई पुढं झाली. "मालक, मोजा की मग."

"काय मोजा?"

"तेल. तुमच्या एकेका घडाला आम्ही मोजून औषध देतो. पाच मिली जास्ती पडलं तर तुम्ही आमच्यावर वरडता. आन माणसाला न मोजता काय बी म्हणता? तीन दिवस दोन्ही गाड्या लावा. सहा बाया जीपमधी, सहा व्हॅनमधी. रस्ता तोच. दोन्ही टाक्या गळ्यापर्यंत भरा, तीन दिवसांनी परत भरा. किती लागलं ते पंपवालाच सांगंल."

"आणि जीपला नऊच लागलं तर?"

"तर सातजणी घ्या तुमच्या. मी त्या सातात येणार नाय."

म्हातारी लंकाबाई मागून म्हणाली, "आन कमी लागलं तर मालक, आम्हाला व्हॅनमधी कोंबू नका. त्या डबीत माझं गुडघं माझ्याच कानाला लागतं."

रविराज हसला. हसायला त्याचं काय जात होतं?

---

रविवारी सुट्टी. फुलाबाई ओहोळावर धुणं घेऊन गेली आणि भिमाजीच्या चारही शर्टांचे खिसे उलटे करून पाहिले. लेंग्याच्या नाडीची पट्टीसुद्धा चाचपली. घरातली डाळीची बरणी तिनं सकाळीच धुंडाळली होती. कुठंच काही नव्हतं. आता काही न सापडल्यानं माणसाला बरं वाटायला पाहिजे. तिला वाटलं नाही. घरात नाही म्हणजे बाहेर कुणाकडं तरी आहे, असं मन म्हणायला लागलं. एकोणीस वर्षं संसार केलेल्या माणसाविषयी. रविराजच्या एका वाक्यानं तिच्या घरात हा कचरा आणून टाकला होता, आणि तो ती स्वतःच्याच हातानं चाळत बसली होती.

कारण नऊ लिटर खरंच जास्त होतं. हे तिलाही कळत होतं. रोज दीडदोन हजार घडांचा हिशेब डोक्यात ठेवणाऱ्या बाईला सत्तर भागिले नऊ जमत नाही असं फक्त बागाईतदारांना वाटतं. आदल्या साली हीच जीप सहा-साडेसहात जाऊन येत होती. मग वरचं तीन लिटर कुठं जातं?

"तुम्ही चावी फिरवताना दिसत नाय कधी. बॅटरी नीट हाय ना गाडीची?" तिनं जेवताना विचारलं.

"हाय की," भिमाजी म्हणाला आणि भाकरी मोडत राहिला. त्यानं वर पाहिलं नाही.

सोमवारी पहाटे दोन्ही गाड्या पंपावर गेल्या. पंपवाल्यानं टाकी अगदी झाकणापर्यंत भरली. रविराजनं फोनवर दोन्ही मीटरचे फोटो काढले. लंकाबाई हट्टानं जीपमध्ये बसली.

बागेत काम जोरात होतं. डाव्या हातात औषधाचा मग, उजव्या हातानं घड धरायचा, मग वर उचलून घड आत बुडवायचा, निथळू द्यायचा, पुढं जायचं. मांडव डोक्याच्या उंचीवर, म्हणजे हात दिवसभर वर. औषधाचं पाणी मनगटावरून कोपरात, कोपरातून काखेत. दुपारपर्यंत खांदे दुसऱ्या कुणाचे तरी झालेले असतात. त्यावर कुणी काही बोलत नाही. बोलून खांदा हलका होत नाही.

तीन वाजता औषध संपलं. नवं कालवायला फुलाबाई मापाचा मग घेऊन विहिरीवरच्या खोलीकडं गेली. ती खोली रस्त्याच्या बाजूला, बागेच्या पार दुसऱ्या टोकाला होती. तिथं तिनं पाहिलं ते असं.

ट्रॅक्टरवाला सलाउद्दीन ट्रॅक्टरला साखळी बांधून भिमाजीची जीप ओढत होता. दहा-पंधरा पावलं ओढली, जीप खोकली, काळा धूर सोडला आणि चालू झाली. सलाउद्दीननं साखळी सोडली, हात वर केला, आणि फवारणीचा पंप जोडून तो बागेत निघून गेला. भिमाजीनं चालू जीप बाभळीखाली लावली. मग तो सावलीत उकिडवा बसला आणि त्यानं बिडी पेटवली. जीप धडधड करत उभी. कुठंच जायचं नव्हतं. सुटी व्हायला अडीच तास होते.

फुलाबाई पार त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"हे काय चाललंय?"

भिमाजी दचकून उठला. "कुठं काय?"

"गाडी चालू कशापायी हाय?"

"अगं, असंच. तापवतो जरा."

"अडीच तास? काय भात शिजतोय का तिच्यात?"

भिमाजीनं बिडी विझवली. तिनं जीपमध्ये हात घातला आणि बंद करायची दांडी ओढली. जीप गचका खाऊन गप्प झाली. भिमाजीचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्याचं धोतर ओढलं.

"बंद केलीस? आता सलाउद्दीनभाई अंधार पडेपातूर बागेतनं निघत न्हाय. आता कोण चालू करणार ती?"

"बॅटरी?"

"मेली कवाची. गौरी-गणपतीलाच गेली."

"मला सांगितलं व्हतं तुम्ही नीट हाय म्हणून."

"सात हजाराची हाय बॅटरी. मग काय सांगू?" तो पुन्हा खाली बसला. "वाडीत उतार हाय, तिथं चालू व्हती. सकाळी नाक्यावर तुम्ही लोकं येईपातूर पाऊण तास चालूच ठेवतो. हितं सगळं सपाट. तीन वाजता सलाउद्दीनभाई वढून देतो, मग तुम्ही येईपातूर चालू ठेवायची. बंद झाली की ढकलावी लागती."

"मग ढकलायची."

"कुणी? तुम्ही?" भिमाजी पहिल्यांदा चढ्या आवाजात बोलला. "मागल्या साली गाडी चिखलात रुतली तवा रोहिणी ढकलतानाच पडली ना? चौथा महिना व्हता तिचा. गुडघा फुटला, रगत बघून तिची सासू काय काय बोलली मला, ते तू नव्हतीस ऐकायला. म्हणली, आमच्या सुनांना बैल समजतो का रे? दिवसभर हात वर करून आलेल्या बाया. त्यांना सांगू, या आता, माझी गाडी ढकला? मला नाय जमत."

फुलाबाई मापाचा मग हातात धरून उभी राहिली. तिच्या छातीवरचं ओझं कुणीतरी उचलून बाजूला ठेवलं होतं. पण लगेच हसू आलं नाही. आधी राग आला.

"तर मालकाचं तीन लिटर रोज जाळलं?"

"तेल मालकाचंच हाय."

"आन नाव तुमचं हाय!"

भिमाजी पुन्हा माती उकरायला लागला. खरं सांगायचं तर गरिबाची अक्कल अशीच चालते. एकरकमी सात हजार नसतात, म्हणून तो बॅटरी आणत नाही. रोजचं तेल आपल्या खिशातून जात नाही, म्हणून ते जळताना दिसत नाही. भिमाजीनं एक थेंब विकला नव्हता. पण त्यानं मालकाला विचारलंही नव्हतं आणि बायकोला सांगितलंही नव्हतं. बायांची कीव आली म्हणून त्यानं स्वतःला चोर म्हणवून घेतलं, आणि वर गप्प बसला. ह्याला भलेपण म्हणायचं का मूर्खपणा, हे फुलाबाईला त्या बाभळीखाली ठरवता आलं नाही.

"आजपासून बंद," ती म्हणाली. "सकाळी आम्ही नाक्यावर न थांबता उतारावर येतो. हितं ढकलतो. सगळ्या मिळून. रोहिणी बाजूला उभी राहील."

संध्याकाळी बायांना कळलं तेव्हा लंकाबाईनं कमरेला पदर खोचला. "एवढंच? मला वाटलं ह्यानं दुसरी केली." रोहिणी बाजूला उभी राहीना. "तेव्हा पोट व्हतं, आता मोकळी हाय," म्हणाली आणि पहिली तिनंच खांदा लावला. जीप दुसऱ्या धक्क्याला चालू झाली. व्हॅनमधल्या सहाजणी गाडी थांबवून उतरल्या आणि मदतीला आल्या. नवनाथ काचेतून बघत बसला.

---

बुधवारी संध्याकाळी दोन्ही गाड्या परत पंपावर लागल्या. बायाही सगळ्या तिथंच उतरल्या. कुणी घरी जायलाच तयार नव्हतं.

व्हॅनला पंधरा लिटर पेट्रोल बसलं. पंधराशे पंचाहत्तर. जीपला अठरा लिटर डिझेल. सोळाशे अडतीस.

"बघा," नवनाथ म्हणाला, "तरी व्हॅनच स्वस्त."

"त्रेसष्ट रुपयांनी," फुलाबाई म्हणाली. "तीन दिवसांत. म्हंजे दिवसाला एकवीस. आन नवनाथभाऊ, तुमच्या गाडीत सहाच बाया व्हत्या. बारा न्यायच्या तर तुम्हाला दोनदा जावं लागंल. दोनदाचं पेट्रोल किती? जीपमधी बारा एकदम जात्यात. तेल कुठलं बी असू द्या. एका तेलात माणसं किती गेली ते मोजा."

नवनाथ तोंडातल्या तोंडात काही म्हणाला. रविराजनं फोनवर गणित केलं, पुन्हा केलं. त्याला ते पटलं होतं. पटलं म्हणूनच त्याला चीड आली.

"म्हणजे तीन दिवसांत अठरा. दिवसाला सहा," तो हळूच म्हणाला. मग भिमाजीकडं वळला. "मोजायला लागल्यावर सहा. न मोजता नऊ. मग भिमाजी, आता तूच सांग. तीन लिटर कुठं जात होतं?"

भिमाजीचा चेहरा पांढरा पडला. बाया त्याच्याकडं बघायला लागल्या. मोजमापानं गाडी सुटली होती आणि गाडीवाला अडकला होता. आपणच नवऱ्याच्या गळ्यात हे मोजमाप बांधलं, असं फुलाबाईला क्षणभर वाटलं.

"उभ्या उभ्या जळत व्हतं," ती म्हणाली.

"काय?"

तिनं सगळं सांगितलं. बॅटरी, साखळी, तीन वाजता ओढणं, अडीच तास, सकाळचा पाऊण तास. रोहिणीचं पडणंही सांगितलं. रविराज ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "उभ्या गाडीला तीन लिटर? मला येड्यात काढता काय?"

"उद्या मोजू," फुलाबाई म्हणाली. "तुमच्यासमोर."

---

गुरुवारी दुपारी सलाउद्दीननं जीपचं बॉनेट उघडलं. त्यानं तेल येणारी नळी आणि परत जाणारी नळी, दोन्ही टाकीपासून सोडवून एका पांढऱ्या कॅनमध्ये बुडवल्या. त्या कॅनमध्ये फुलाबाईनं औषधाच्या मापानं दोन लिटर डिझेल ओतलं आणि रेघ मारली. नळ्यांत अडकलेली हवा काढली, ट्रॅक्टरनं जीप ओढली. चालू झाली.

"आता कुणी हात लावायचा नाय," सलाउद्दीन म्हणाला. "मालक, घड्याळ तुम्ही बघा."

बारा बाया, नवनाथ, सलाउद्दीन, भिमाजी, सगळे एका उभ्या जीपभोवती कोंडाळं करून उभे. असा खेळ दिंडोरीच्या कुठल्या जत्रेत कुणी पाहिला नसेल. रविराज आपल्या गाडीत बसून होता, काचा वर, गार हवा चालू, फोनवर कुणाशी तरी माल कधी काढायचा ते बोलत. मधूनमधून काच खाली करून कॅनकडं बघायचा.

"उतरलं गं," रोहिणी म्हणाली.

"बोटभर उतरलं," दुसरी म्हणाली.

"पाजा बाई पाजा," लंकाबाई म्हणाली, "जागची हालत नाय आन पितीय कशी बघा. माझा म्हातारा असाच व्हता."

बाया फिदीफिदी हसल्या. भिमाजीही हसला. त्याला हसताना पाहून पाच दिवस झाले होते.

अर्ध्या तासानं सलाउद्दीननं इंजिन बंद केलं. नळ्या निथळू दिल्या. फुलाबाईनं कॅनमधलं तेल परत मापात ओतलं, सगळ्यांना दिसेल असं, डोळ्यांच्या रेषेत धरून. दोन लिटरमधलं दीड लिटर आणि वर पन्नास मिली उरलं होतं.

"साडेचारशे मिली," ती म्हणाली. "अर्ध्या तासाचं. तासाचं नऊशे. दिवसाला सव्वातीन तास चालू असायची. करा हिशेब."

रविराजनं गाडीत बसूनच फोनवर हिशेब केला. दोन लिटर नऊशे आणि वर थोडं. त्यानं तो आकडा मोठ्यानं वाचला नाही. पण त्याचे ओठ हलले, ते बायांनी पाहिलं.

"सलाउद्दीन, तू रोज ओढायचास?"

"रोज तीन वाजता मालक. एक दिवस चुकला नाय. मला वाटलं तुम्हाला माहीत हाय."

रविराजनं फोन खिशात घातला. त्याच्या गाडीचा घुर्र आवाज तेवढा येत राहिला. लंकाबाईनं त्या गाडीकडं पाहिलं, मग कॅनकडं, मग पुन्हा गाडीकडं.

"मालक," ती अगदी गरीब आवाजात म्हणाली, "तुमची बी मघापासून चालूच हाय. तिला बी लावायची का नळी?"

कुणी हसायचं नाही असं ठरवलं होतं, पण नवनाथच पहिला फुटला. मग सगळ्याच. रविराजचा चेहरा लाल झाला. त्यानं हात पुढं करून गाडी बंद केली. आत गरम व्हायला लागलं तसा तो काच खाली करून बाहेर उतरला.

माफी त्यानं मागितली नाही. असली माणसं मजुराची माफी मागत नाहीत, आणि मागितली असती तर भिमाजीच लाजून मेला असता. रविराज मनगटातलं घड्याळ उगाच फिरवत उभा राहिला.

"बॅटरी आण," तो शेवटी भिमाजीला म्हणाला. "पैसे मी देतो, सातशेतून रोज पन्नास कापीन."

"पंचवीस," फुलाबाई म्हणाली.

"काय?"

"पंचवीस कापा. तीन लिटर तुमचं वाचणार हाय रोज. दोनशे सत्तर."

रविराजनं तिच्याकडं पाहिलं. मग तो नवनाथला म्हणाला, "व्हॅनचं राहू दे." आणि गाडीत बसताना, पाठमोराच, भिमाजीला म्हणाला, "उद्या सातला या. वरची बाग अजून बुडवायचीय."

पांढरी गाडी गेली. बाया एकदम बोलायला लागल्या, कुणाला काही ऐकू येईना. सलाउद्दीननं नळ्या परत टाकीला जोडल्या.

संध्याकाळी परतताना फुलाबाई पुढं बसली. मागं अकराजणी दाटीवाटीनं, कुणीतरी गाणं म्हणत होतं, मधूनच बेसूर होऊन हसत होतं. गिरणारं मागं पडलं. डोंगराच्या बाजूला उजेड अजून शिल्लक होता.

भिमाजीनं आरसा सारखा केला. मग समोर बघतच त्यानं विचारलं, "तुला बी वाटलं व्हतं का? मी इकतो म्हणून?"

नाही म्हणणं सोपं होतं. कुठल्याही बाईनं नाहीच म्हटलं असतं.

"वाटलं व्हतं," फुलाबाई म्हणाली. "रविवारी तुमचं सगळं खिसं तपासलं. डाळीची बरणी बी."

भिमाजीनं गिअर बदलला. एक वळण गेलं, दुसरं गेलं.

"मला बी वाटलं असतं," तो म्हणाला. "नऊ लिटर लयच व्हतं गं."

तिला असं हसू फुटलं की थांबवता येईना. दुखरे खांदे गदागदा हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते पुसायला हात वर जात नव्हते. भिमाजी तिच्याकडं बघून हसायला लागला, आणि जीप रस्त्याच्या कडेला कलली, तशा मागच्या सगळ्या ओरडल्या.

"काय झालं गं?" लंकाबाईनं पुढं डोकं काढलं. "आम्हाला बी सांगा की."

"घरचं हाय," फुलाबाई म्हणाली, आणि तिनं चपला काढून पाय समोर पसरले.